डिजिटल शिकवणं सुरू करताना: इंदूरमधल्या नव्या शिक्षकांसाठी

इंदूरच्या शाळेत नुकतेच रुजू झालात. घरी मराठी, वर्गात हिंदी. पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी अंगावर येतात: दीक्षा या शिक्षणाच्या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर खातं उघडा, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जमा करा, आणि ही घ्या स्मार्ट क्लासच्या खोलीची किल्ली. यातलं आधी काय, नंतर काय, हे सांगायला कुणाला वेळ नसतो. मी सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते, आणि आमच्या शाळेत नव्या सहकाऱ्यांना ही वाट दाखवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथं क्रमानं लिहिलंय. पोर्टलांचे तपशील मध्य प्रदेशचे आहेत. वर्गातलं सगळं कुठंही चालेल.

१. आधी वर्ग कुठं अडतो ते शोधा

प्रोजेक्टर, ॲप, पडदा यांचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि मागच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका काढून बसा. कोणत्या प्रश्नाला वर्ग दरवर्षी त्याच ठिकाणी चुकतो? सहावीत ३/४ आणि ५/८ यांत मोठं कोण असं विचारलं की भरपूर हात ५/८ साठी वर जातात, कारण ५ आणि ८ हे आकडेच मोठे दिसतात. विज्ञानात मुलांना वाटतं की वीज बल्बपर्यंत जाते आणि तिथं संपते. भूगोलात वाटतं की पृथ्वी सूर्याच्या जवळ आली म्हणून उन्हाळा. अशा जागा तुमच्या विषयातही असतील. त्यांतली एकच निवडा. पहिल्या सत्रात तंत्रज्ञान फक्त तिथं वापरायचं, बाकीचे तास फळ्यावरच घ्यायचे.

माझा आग्रह याच गोष्टीसाठी आहे, आणि त्याला आधारही आहे. माणूस नवं तंत्र का स्वीकारतो याचं एक प्रारूप फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं. त्यात दोन गोष्टी मुख्य: हे माझ्या कामाला येईल असं वाटणं, आणि हे वापरायला सोपं आहे असं वाटणं. आपली बहुतेक प्रशिक्षणं दुसऱ्या गोष्टीवर थांबतात, म्हणजे कोणतं बटण कुठं आहे यावर. स्वतःच्या वर्गात उपयोग दिसला नाही तर ते बटण महिनाभरात विसरायला होतं. पुढे २००६ मध्ये पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी दाखवून दिलं की विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान यांची सांगड शिक्षकालाच घालावी लागते. पहिली दोन तुमच्याकडे आहेत. तिसऱ्यासाठी तुम्हाला संगणक अभियंता व्हायची गरज नाही, हे मनापासून सांगते.

२. जवळ काय काय हवं

कागदपत्रं आणि क्रमांक एका वहीच्या पानावर लिहून घ्या:

- स्वतःच्या नावावरचा, चालू असलेला मोबाइल नंबर. ओटीपी त्याच्यावरच येणार. नवऱ्याचा, मुलाचा किंवा शाळेतल्या बाबूंचा नंबर देऊ नका.
- स्वतःचा ईमेल आणि त्याचा पासवर्ड.
- शाळेचा यूडायस कोड, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. हा ११ अंकी असतो आणि मध्य प्रदेशातला २३ ने सुरू होतो. तसा नसेल तर कुणीतरी चुकीचा दिला आहे.
- शासकीय शाळेत असाल तर राज्याच्या शिक्षण पोर्टलचा युनिक आयडी.
- समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश शासन रहिवाशांना देतं तो क्रमांक. सदस्याचा ९ अंकी, कुटुंबाचा ८ अंकी. इथं बहुतेक वेळा सदस्याचा लागतो.

यापलीकडे एक गोष्ट आपल्या मराठी घरांत फार नडते, ती म्हणजे नाव. आपल्याकडे मधलं नाव वडलांचं किंवा नवऱ्याचं, लग्नानंतर आडनाव बदललेलं, आणि ‘काळे’ हे इंग्रजी अक्षरांत तीन प्रकारे लिहिलेलं. आधारवर एक, सेवापुस्तिकेत दुसरं, दीक्षावर तिसरं असं झालं की प्रमाणपत्र पडताळणीत अडकतं. सेवापुस्तिकेतलं नाव अक्षर-अक्षर तसंच सगळीकडे लिहा. आधारमध्ये फरक असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

सामान थोडंच लागतं: थोडी जागा मोकळी असलेला फोन, जुना चालेल असा लॅपटॉप, ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह, एचडीएमआय केबल, एक्स्टेन्शन बोर्ड आणि वायरचा लहान स्पीकर. ब्लूटूथ स्पीकरचा आवाज कधी चित्राच्या मागे पडतो, कधी तो शेजारच्या वर्गातल्या फोनला जोडला जातो. वायरचाच घ्या.

३. दीक्षाचं खातं: एकच, कायमचं

दीक्षा हे केंद्राचं व्यासपीठ, सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेलं. पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड आणि शिक्षकांची प्रशिक्षणं दोन्ही तिथं आहेत. खात्यात शिरायचे रस्ते अनेक आहेत: मोबाइल नंबर, ईमेल, गूगल, आणि राज्याच्या प्रणालीतून युनिक आयडीने. गोंधळ इथूनच सुरू होतो. ज्या रस्त्यानं जाल त्या रस्त्याचं वेगळं खातं तयार होऊ शकतं. सोमवारी गूगलनं गेलात, गुरुवारी मोबाइलनं, तर अर्धं प्रशिक्षण एका खात्यात आणि अर्धं दुसऱ्यात. मग ‘माझं पूर्ण झालं होतं, आता शून्य दाखवतंय’ असं म्हणत सगळे धावत येतात. काही हरवलेलं नसतं, तुम्ही फक्त दुसऱ्या दारातून आत आलेले असता.

म्हणून ठरवा. शासकीय शिक्षकांनी, शाळेनं ज्या पद्धतीनं सांगितलंय त्याच पद्धतीनं जावं. खासगी शाळेत असाल तर मोबाइल नंबर उत्तम. कोणत्या रस्त्यानं गेलात ते वहीच्या त्याच पानावर लिहा. दोन खाती आधीच झाली असतील तर खाती एकत्र करायची सोय प्रोफाइलमध्ये आहे. प्रशिक्षण सुरू करण्याआधीच ती वापरा.

प्रोफाइलमध्ये राज्य, जिल्हा, ब्लॉक, शाळा नीट भरा. इंदूर शहर आणि इंदूर ग्रामीण यांत गल्लत होते, ती यूडायस कोड समोर ठेवून टाळता येते.

४. प्रशिक्षण

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकानं वर्षाला ५० तास सातत्यपूर्ण प्रशिक्षण घ्यावं अशी अपेक्षा आहे. निष्ठा हा शिक्षक-प्रशिक्षणाचा केंद्राचा उपक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झाला आणि कोरोनाकाळात, ऑक्टोबर २०२० पासून दीक्षावर आला. शेवटच्या चाचणीत साधारण ७० टक्के गुण लागतात आणि प्रयत्नांची संख्या मर्यादित असते, तेव्हा चाचणी शेवटी घाईत उरकू नका. सगळे भाग शंभर टक्के झालेले दिसल्याशिवाय प्रमाणपत्र निघत नाही. एखादा व्हिडिओ शेवटच्या काही सेकंदांआधी बंद केला की तो भाग अपूर्ण राहतो. बहुतेक तक्रारींचं मूळ एवढंच असतं. प्रमाणपत्र लगेच दिसलं नाही तर काही दिवस थांबा, मग प्रोफाइलमध्ये पाहा.

५. साहित्य घरूनच उतरवून आणा

वर्गात इंटरनेट चालेल असं गृहीत धरू नका. जूनच्या उकाड्यात वीज जाते, पावसाळ्यात वाय-फाय रुसतं. पाठ इंटरनेटशिवाय पूर्ण झाला पाहिजे, अशीच तयारी करा.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडखाली सहा अक्षर-अंकांचा एक कोड छापलेला असतो. छपाई पुसट असेल, कॅमेरा पकडत नसेल, तर तो कोड दीक्षामध्ये हातानं टाकता येतो. साहित्य उघडलं की ॲपमध्येच उतरवून ठेवा. सगळं चांगलं असेलच असं नाही. काही व्हिडिओ म्हणजे पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवणं. स्वतः शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय एकही व्हिडिओ वर्गात लावू नका.

गणित-विज्ञानासाठी मी सर्वांत आधी फेट (PhET) सुचवते. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला. ही आभासी प्रयोगांची चित्रं मोफत आहेत, हिंदी-मराठीतही मिळतात, आणि नव्या प्रकारची एकेका फाईलमध्ये उतरवून इंटरनेटशिवाय लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये चालतात. अपूर्णांकांचं एक आहे, त्यात वर्तुळाचे आणि पट्टीचे तुकडे मुलांच्या डोळ्यांसमोर भरता येतात. विद्युत परिपथाचं आहे, त्यात तारेतून कण पूर्ण फेरी मारताना दिसतात. बल्बमध्ये वीज संपते हा समज तिथं आपोआप हलायला लागतो. वर्ग हिंदी माध्यमाचा असेल तर हिंदी आवृत्तीच घ्या, म्हणजे पडद्यावरचे शब्द आणि पुस्तकातले शब्द जुळतील. भूमितीसाठी जिओजेब्रा, तोही मोफत.

यूट्यूब वापरायचं असेल तर ऑटोप्ले बंद करा आणि व्हिडिओ आधी उतरवून ठेवा. मधल्या जाहिराती मुलांना दाखवण्यासारख्या असतीलच असं नाही.

६. कृतिदेवचा फास

हे फार कमी लोक आधी सांगतात. शाळेच्या संगणकावर जुन्या प्रश्नपत्रिका बहुधा कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथं, किंवा फोनवर, हीच प्रश्नपत्रिका इंग्रजी अक्षरांचा निरर्थक कचरा होऊन उघडते. गूगल फॉर्ममध्ये किंवा व्हॉट्सॲपवर ती चिकटवली तरी तेच.

उपाय: नवं सगळं युनिकोडमध्ये लिहा, म्हणजे मंगल किंवा नोटो यांसारख्या फॉन्टमध्ये. युनिकोड ही अक्षरांची सगळ्या संगणकांना आणि फोनांना समजणारी पद्धत. फोनवर जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कळफलक-ॲपमध्ये, हिंदी आणि मराठी दोन्ही कळफलक घाला. बोलून लिहायची सोय आहे, आणि ती टंकलेखन न येणाऱ्यांसाठी वरदान आहे. लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची कळरचना शिका. एकदा बोटांत बसलं की हिंदी आणि मराठीसाठी तोच कळफलक चालतो. जुन्या फाईलींसाठी कृतिदेव ते युनिकोड बदलून देणारी मोफत साधनं आहेत, पण बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि गणिती चिन्हं डोळ्यांखालून घाला. भागाकाराचं चिन्ह बदललं की सगळा प्रश्नच बदलतो.

ज्येष्ठ शिक्षक कृतिदेवमध्ये वर्षानुवर्षं सुंदर काम करत आलेत. त्यांच्यापुढे हे दुरुस्ती म्हणून नेऊ नका. त्यांची एखादी प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये करून, छापून त्यांच्या हातात द्या. पुढची ते स्वतःच मागतात.

७. खोलीची तयारी

फोन थेट प्रोजेक्टरला जोडायची केबल घ्यायला जेल रोडच्या डॉलर मार्केटमध्ये जाल, तर फोन सोबत न्या आणि दुकानातच लावून पाहा. स्वस्त फोनांपैकी बहुतेकांच्या यूएसबी-सी जागेतून चित्र बाहेर जातच नाही. केबल चांगली असली तरी पडदा काळाच राहतो. तिथं परत घेणार का, हे पैसे देण्याआधी विचारा. शाळेत जुना लॅपटॉप असेल तर या भानगडीत पडूच नका.

प्रोजेक्टर दिवसाउजेडी दिसायला साधारण ३००० ल्यूमेनच्या (हे उजेडाचं माप) पुढचा लागतो. त्याहून कमी असेल तर खिडकीला जाड कापड लावा, पण पंख्याची हवा अडणार नाही असं. बंद करताना रिमोटनंच बंद करा आणि आतला पंखा थांबेपर्यंत वायर काढू नका, नाहीतर दिवा लवकर जातो. अक्षरं मोठी ठेवा. शेवटच्या बाकावर स्वतः बसून वाचून पाहा. तुम्हाला वाचताना डोळे बारीक करावे लागले तर चष्मा न मिळालेल्या मुलाला काहीच दिसणार नाही.

फोन जोडण्याआधी ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा. घरच्या ग्रुपवरचा निरोप पडद्यावर आला की पुढची दहा मिनिटं वर्ग तुमचा राहत नाही.

८. पहिला तास

सहावीचा अपूर्णांकांचा तास धरून सांगते, कारण हाच मी नव्या सहकाऱ्यांना पहिला करायला लावते.

सुरुवात पडद्यानं करू नका. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या वाटा. एक चार भागांत दुमडायची, एक आठ भागांत. तीन भाग रंगवा, पाच भाग रंगवा, शेजारी ठेवा. इंदूरला बालशिक्षणाची जुनी आणि आदरणीय वाट आहे. शालिनीताई मोघे यांनी इथं १९४७ मध्ये बालनिकेतन संघ उभा केला. लहान मुलांना काय लागतं याचा विचार या शहरात आपल्याआधी फार लोकांनी केलाय. हातानं केलेलं आधी, पडद्यावरचं नंतर, हा क्रम सोडू नका.

यात दहा-बारा मिनिटं जातील. मग प्रोजेक्टर लावा, पण काही दाखवण्याआधी विचारा: ‘३/४ बड़ा या ५/८? क्यों?’ प्रत्येकानं वहीत उत्तर लिहायचं. अंदाज लिहिला की मूल त्यात गुंततं. मग पडद्यावर काय होतं ते त्याला खरंच बघायचं असतं. आता फेटमध्ये एक मूल बोलावून माउस त्याच्या हातात द्या. तुम्ही मागे, खोलीच्या शेवटी उभे राहा. तिथून कुणाचं लक्ष आहे, कुणाचं नाही, हे एका नजरेत कळतं. पट्टी भरताना ३/४ म्हणजेच ६/८ हे कुणीतरी मोठ्यानं म्हणेल. ते मूल म्हणेपर्यंत थांबा. ही शांतता तुम्हाला लांब वाटेल, मुलांना वाटत नाही.

पडदा पंधरा मिनिटांत बंद करा. उरलेला वेळ फळा आणि वही. त्याच प्रकारचे चार प्रश्न, चित्राशिवाय. इथं जी मुलं चुकतात त्यांची नावं लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ पट्ट्या घेऊन बसायचं आहे. आजच्या तासाची सगळ्यांत उपयोगी गोष्ट ही नावांची यादी आहे. प्रोजेक्टर मध्येच बंद पडला तर कागदाच्या पट्ट्या आहेतच, पाठ तिथूनच पूर्ण करा.

९. मुलांकडे फोन नसताना तपासणी

प्लिकर्स हे साधन यासाठी आवडतं. प्रत्येक मुलाला छापील कार्ड मिळतं, त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. मूल कार्ड फिरवून धरतं, तुम्ही तुमच्या एकाच फोनचा कॅमेरा वर्गावर फिरवता, कुणाचं उत्तर काय ते दिसतं. प्रत्येक कार्डाचा नमुना वेगळा असल्यानं शेजाऱ्याचं पाहून नक्कल होत नाही. ४० आणि ६३ कार्डांचे संच मोफत छापता येतात. जाड कागदावर छापा; चकचकीत लॅमिनेशन केलं तर उजेड परावर्तित होतो आणि कॅमेरा चुकतो. याला मात्र इंटरनेट लागतं, फोनचा डेटा पुरतो.

१०. गृहपाठ, पालक आणि मुलांची माहिती

आपल्या वर्गातल्या कितीतरी घरांत एकच फोन असतो आणि तो सकाळी वडलांबरोबर कामावर जातो. जुलै २०२० मध्ये, शाळा बंद असताना, घरूनच शिकवण्याचा राज्याचा ‘हमारा घर हमारा विद्यालय’ उपक्रम सुरू झाला तेव्हा हे आपण सगळ्यांनीच पाहिलं. म्हणून फोन असल्याशिवाय करता येणार नाही असा गृहपाठ कधीही देऊ नका. व्हिडिओ पाठवलात तर तेच काम कागदावरही द्या, आणि दोन्हीला सारखेच गुण. यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही.

कोरोनाकाळात केंद्रानं काढलेल्या प्रज्ञाता मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच ऑनलाइन सत्रं सांगितली होती. सुट्टीतल्या ऑनलाइन तासांनाही हेच माप लावा.

पालकांच्या ग्रुपवर फक्त शिक्षकांना निरोप टाकता येईल अशी सेटिंग ठेवा. मुलांचे गुण, फोटो, समग्र किंवा आधार क्रमांक ग्रुपवर टाकू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. एखाद्या ॲपवर मुलांची नावं भरण्याआधी प्राचार्यांना विचारा आणि पालकांची लेखी संमती घ्या. प्लिकर्ससाठी नावाऐवजी हजेरी क्रमांक पुरतो.

११. अडलात तर

शासकीय शाळेत पहिला माणूस तुमचा जनशिक्षक, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला मदत करणारा शिक्षक, मग ब्लॉकचं कार्यालय. प्रशिक्षणाबद्दल शंका असेल तर बिजलपूरची डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. ‘चालत नाही’ एवढंच लिहून पाठवलं तर उत्तर येत नाही. पडद्यावर आलेल्या सूचनेचा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, कोणत्या रस्त्यानं खात्यात गेलात ते आणि शाळेचा यूडायस कोड, हे सगळं एकाच निरोपात पाठवा. ओटीपी आणि पासवर्ड मात्र कुणालाही देऊ नका, मदत करायला आलेल्यालाही नाही. त्याला शेजारी बसवा आणि टंकायचं ते स्वतःच्या हातानं टंका.